गुहेत हरवलेला खर्ज

ईस्टरच्या सोमवारी आमच्या चॅपेलची माणसं सकाळीच किल्ला चढतात. किल्ल्याच्या पोटात गुहा आहे. तिथे सगळे दिवे विझवून एक गीत गायचं आणि मध्येच कुणी थांबायचं नाही, ही आमची जुनी रीत.

"गुडघे घरी ठेवून आलास का?" चढावर आमच्याच चॅपेलमधल्या तेगवेनने माझ्या नवऱ्याला डिवचलं.

"तुझी बडबड वाहून आणतोय ना, तिचाच भार," इद्वल म्हणाला.

गुहेच्या टोकाशी आमचे पाळक एल्फेड कबरीतल्या अंधाराबद्दल बोलू लागले. बोलता बोलता त्यांचा आवाज सुरात शिरला. असं झालं की माझं काळीज विरघळतं. मी डोळे मिटून ऐकत राहिले. मग टॉर्च विझले आणि वरच्या सुरापासून खर्जापर्यंत, चार आवाजांत गीत सुरू झालं. इद्वलचा खर्ज माझ्या मागे होता, पायाखाली जमीन असावी तसा.

दुसऱ्या कडव्यात तो खर्ज गेला.

खोकला आला असेल, वाटलं. ओळ संपली, तरी तो आला नाही. मी मागे हात नेला. ओला दगड लागला. मी गातच होते. देवाचं गीत तोडायचं कसं? त्यात सगळ्यांना असा रंग चढला की शेवटची ओळ पुन्हा, आणि आणखी एकदा. आता पुरे करा, असं मनात म्हणत मी तोंडाने सूर धरून होते.

टॉर्च लागले. इद्वल नव्हता.

सगळे हाका मारू लागले. हाका भिंतींवर आपटून परत येत, कुठून काय येतंय कळेना. माझ्या मागे, भिंतीच्या बुडाशी, तीन काळ्या फटी होत्या. माणूस मावेल एवढ्या.

"गप्प बसा सगळे," मी म्हणाले. पाळकांनाही, आयुष्यात पहिल्यांदा.

मग एकटीने तेच कडवं धरलं. खर्ज जिथे येतो तिथे थांबले. फक्त पाणी ठिबकत होतं. पुन्हा धरलं, पुन्हा थांबले.

मधल्या फटीतून काहीतरी घुमलं. शब्द नव्हते, श्वासही पुरता नव्हता. सूर मात्र बरोबर होता.

तेगवेन तोवर पोटावर पडून आत हात घालत होती. अंधारात मागे सरकताना तो फटीत घसरला होता; छाती दोन दगडांत अडकली होती, हाक मारण्याएवढी हवाही आत जात नव्हती. कोट एकमेकांना बांधून आम्ही त्याला ओढून काढलं.

"मेरेरिद, पट्टी जरा वरची धरलीस," तो कुजबुजला.

वर किल्ल्याच्या चौकात त्याला भिंतीला टेकवून बसवलं. मदत येईपर्यंत पाळकांनी आभाराचं गीत सुरू केलं. इद्वल गुणगुणत होता. मी गायले नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून खर्ज हाताला लागतोय का, तेवढंच बघत होते.

पाळक शेवटची ओळ पुन्हा उचलणार, तेवढ्यात मी हात वर केला. "आज एकदाच," मी म्हणाले.

ते थांबले.