शून्याचे दोन अर्थ

फ्लॉपीवरचं लेबल एका कोपऱ्यातून सुटलं होतं आणि त्याखाली आणखी एक लेबल होतं, खरवडलेलं... काय लिहिलं असेल? प्रमिलाने नखाने उचलून पाहिलं, पण अक्षरं लागेनात. शहापूरच्या या दोन खोल्यांच्या कंप्युटर ऑफिसात तिला चार महिने झाले होते, आणि हल्ली प्रत्येक गोष्टीखाली दुसरं काहीतरी दडलंय असं तिला वाटे. काम तसं साधं — तिथला प्रोग्रॅमर सुरेंद्र, त्याने लिहिलेल्या एकेका फंक्शनची, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्याची, माहिती छापील पुस्तिकेसाठी लिहायची: त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं, कुठे फसतं.

आज ‘नावशोध’ची पाळी होती. नाव द्या, यादीतला क्रमांक मिळेल. नाव नसेल तर शून्य. चाचणीच्या यादीत बाविसाव्या ओळीवर कुणी एक झिपरू होता, आडनावाशिवाय. तिच्या बापाचंही नाव झिपरूच. तिने ते टाइप केलं. शून्य.

“सर, आडनाव नसलं की शून्य येतंय. नाव यादीत आहे तरी.”

“आडनाव नाय असा कोण असतो गो?” सुरेंद्र मान न वळवता हसला. “तू लिही, सापडलं नाय तर शून्य. टाइम नाय आपल्याकडं.”

मान न वळवता — का? पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं होतं, “किन्हवलीची म्हणजे गावातली, का वाडीतली?” आणि ती म्हणाली होती, गावातली. पटकन. होती ती आदिवासी वाडीतली. तिचं आडनाव शाळेत मास्तरांनी सुचवलेलं. घरात ते कुणी उच्चारत नसे. आणि बाप... कचेरीच्या खिडकीशी उभा, घरकुलाच्या यादीवरून आतल्या माणसाचं बोट फिरतंय, “नाय रे तुझं नाव, जा.” बापाने पुन्हा विचारलं नाही. शेजारी मी होते, सातवीतली, वाचता येणारी. यादी मला उलटी दिसत होती, पण नाव दिसलं होतं, नुसतं ‘झिपरू’... दिसलं होतं ना?

तिने लिहिलं: आडनाव नसल्यास नाव यादीत असूनही शून्य येतं. अशा वेळी शून्याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊ नये.

सुरेंद्र उठून मागे आला. वाचलं. “हे कशाला?”

“असंच होतं म्हणून.”

“छापताना बघू,” तो म्हणाला, आणि चहाला निघून गेला. बघू म्हणजे ठेवू, की काढून टाकू? एरवी तिने त्याचा चेहरा तासभर मनात उलटापालटा केला असता. आता ती आपल्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती, थापाड्याचं बोलणं ऐकावं तशी — हे आपण बापासाठी लिहिलं, की तेव्हा गप्प राहिलो ते झाकायला? वाक्य अगदी स्वच्छ होतं. तिचा त्यावर विश्वास बसत नव्हता, आणि ते खोडावंसंही वाटत नव्हतं.