उजवीकडे वळायचं नाही

गाड्यांची रांग मैदानाच्या फाटकापासून थेट पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. टॅक्स्या होत्या, टेम्पो होते, एक रुग्णवाहिका होती आणि सगळ्यांत मागे दोरीने ओढून आणलेली कुणाची तरी मोटार होती. मैदानाच्या मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले कानबाबा खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हातातल्या पितळी नळ्याचं एक टोक गाडीच्या बॉनेटला टेकलेलं आणि दुसरं त्यांच्या कानाला. डोळे मिटलेले. दोनशे माणसं श्वास रोखून उभी.

"रडतेय," बाबा म्हणाले.

"रडतेय!" चेल्याने कर्ण्यातून सगळ्यांना कळवलं.

"माणूस जातो," बाबा पुढे म्हणाले, "पण स्टिअरिंगवरचा त्याचा हात जात नाही. मेकॅनिकला नट दिसतो, मला नातं दिसतं!"

टाळ्या पडल्या. पुढचा टॅक्सीवाला हात जोडून म्हणाला, "बाबा, ब्रेक दाबला की किंचाळते."

"मग दुखवतोस कशाला तिला? अलगद दाब."

टॅक्सीवाल्याचा चेहरा उजळला. तो गाडी घेऊन निघाला आणि फाटकाच्या खांबावर अगदी अलगद जाऊन आदळला.

"किंचाळली का? नाही ना?" चेला कर्ण्यातून ओरडला. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

रांगेत पुढचा नंबर शाळेच्या मुलांच्या पिवळ्या व्हॅनचा होता. ती चालवणारीला सगळे ताई म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा तापाने गेला, तेव्हा त्याची व्हॅन आणि त्या व्हॅनमधली अकरा मुलं तिने आपल्या अंगावर घेतली होती. शेजारच्या सीटवर सासूबाई पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. इथे यायचा हट्ट त्यांचाच.

"काय त्रास?" बाबांनी विचारलं.

"उजवीकडे वळलं की पुढून टक-टक-टक असा आवाज येतो," ताई म्हणाली. "सरळ जाताना काही नाही. डावीकडे वळतानाही नाही."

"आधी कोण चालवायचं?"

"माझा मुलगा," ताईच्या आधी सासूबाईच बोलल्या. "गेला तो."

बाबांनी नळा लावला. इतका वेळ लावला, की मागच्या टेम्पोवाल्याला हॉर्न वाजवावा की नाही ते कळेना.

"बोलतोय," बाबा हळूच म्हणाले. "उजवीकडे नेऊ नकोस म्हणतोय. तिकडे त्याला धोका दिसतोय."

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाबांनी व्हॅनला मैदानात तीन फेऱ्या मारायला लावल्या, तिन्ही डावीकडे वळत. टक नाही की टुक नाही.

"शांत झाला!" कर्णा गरजला.

"अहो पण, डावीकडे तर आधीपासूनच..." ताईचं वाक्य टाळ्यांत बुडालं.

बाबांनी दोन पथ्यं सांगितली. एकवीस दिवस उजवीकडे वळायचं नाही. आणि गाडीला हत्यार लावायचं नाही. "पाना लागला की तो कायमचा जाईल. मग माझ्याकडे येऊन रडू नका."

उजवीकडे न वळता जगून बघा एकदा. घरापासून शाळा तीन वळणांवर, त्यातलं चौकातलं वळण नेमकं उजवीकडचं. ते टाळायला ताईला चौक ओलांडून पुढे जावं लागे, मग डावीकडे, भाजी मंडईमागून पुन्हा डावीकडे, बर्फाच्या कारखान्यावरून पुन्हा डावीकडे, की मग गाडीचं तोंड शाळेकडे होई. तोवर घंटा होऊन गेलेली असे.

"ताई, शाळा आहे तिथेच आहे ना? हलवलेली नाही ना आम्ही?" मुख्याध्यापिका फाटकात उभं राहून विचारत.

ताई घाईघाईने मुलांना उतरवी. दोन आयांनी आपली मुलं काढून घेतली, व्हॅनमध्ये भूत आहे म्हणून. तिसरीने काढली, उशीर होतो म्हणून. ज्याने उशीर होतो त्या पथ्याने भूत शांत राहतं आणि भूत शांत ठेवलं की उशीर होतो. कुणाला समजावणार आणि काय? त्यात एका अरुंद गल्लीत समोरून ट्रॅक्टर आला आणि तिला नाइलाजाने उजवीकडे वळावं लागलं, तेव्हा आवाज आला तो पहिल्यापेक्षा मोठा.

तिने नवऱ्याच्या जुन्या दोस्ताला, मिस्त्रीला फोन केला. "घेऊन या वहिनी, बघून तर घेतो," तो म्हणाला. पण शाळेची फेरी संपली की सासूबाई किल्लीच पदराला बांधू लागल्या. "हात लावशील तर बघ! एकदा गेलाय तो. पुन्हा घालवायचाय का तुला त्याला?"

ताईने मिस्त्रीला नको म्हणून कळवलं.

एका दुपारी सासूबाई स्वतःच व्हॅनमध्ये येऊन बसल्या. किल्ली पुढे केली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "एकदाच वळव ना उजवीकडे. कुणाला सांगू नकोस. मला ऐकायचंय."

ताईने व्हॅन वळवली. टक-टक-टक. सासूबाईंनी डॅशबोर्डवर हात फिरवला. "हो रे बाळा. हो."

ताईने गाडी सरळ केली. तिचा नवरा मोठ्याने हसायचा, बेसूर गायचा, मुलांना चिडवायचा. तो माणूस दोन वर्षांनी बोलणार आणि काय म्हणणार, तर टक-टक? तिला ओरडावंसं वाटलं. पण शेजारी म्हातारीचा चेहरा इतका निवला होता, की तिने गिअर बदलला आणि घर गाठलं.

व्हॅनमधल्या आठ मुलांत चौथीतली एक मुलगी होती. बाकीची मुलं तिला काबाई म्हणत, कारण तिच्या प्रत्येक प्रश्नात 'का' असे. तिला सगळ्यांत शेवटी सोडायचं असे.

"ताई, काका फक्त उजवीकडेच का बोलतात?"

"मला काय माहीत?"

"आणि गाडी हळू असली की हळूहळू का बोलतात? जोरात असली की भरभर बोलतात. मी मोजलंय. त्या दिवशी ट्रॅक्टर आला होता ना, तेव्हा."

ताईने आरशातून मागे बघितलं. मग गाडी बर्फाच्या कारखान्यामागच्या मोकळ्या आवारात घेतली. काबाईने दप्तरातून खडू काढला आणि डावीकडच्या पुढच्या टायरवर ठळक रेघ मारली. ताईने तिला लांब भिंतीपाशी उभं केलं आणि व्हॅन उजवीकडे गोल फिरवली. आधी गोगलगायीसारखी, मग थोडी जोरात, मग थांबवली.

"रेघ हळू फिरली की टक... टक... टक," काबाई धावत आली. "रेघ भरभर, टकटकटक! रेघ थांबली की गप्प! ताई, काकांना बोलायला चाक का लागतं?"

ताई खाली उतरली आणि चाकापाशी वाकली.

"आणि बाबांनी मैदानात डावीकडूनच का फिरवली?"

"तू सांग."

"मला येत नाही तो प्रश्न मीपण सोडूनच देते," काबाई म्हणाली. "पण मग मी त्याचे मार्क मागत नाही."

ताई हसली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःवर चिडली. उजवीकडे वाजतं, डावीकडे वाजत नाही, हे तिनेच तर बाबांना सांगितलं होतं! त्यांनी तिचंच बोलणं फिरवून तिच्या हातात दिलं, आणि वर ती बारा दिवस डावीकडे वळत बसली.

रविवारी बाबांनाच विचारू म्हणून ताईने सासूबाईंना व्हॅनमध्ये बसवलं, मिस्त्रीला जॅक आणि हत्यारांसकट मागे घेतलं आणि मैदान गाठलं. गर्दी तशीच होती. फाटकातून आत शिरताच तिने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि पूर्ण फेरी मारली.

टक-टक-टक-टक. कर्णासुद्धा गप्प झाला.

"पथ्य मोडलंस!" बाबा उभे राहिले.

"मोडलं. म्हणून तर औषध काय होतं ते कळलं," ताई खाली उतरली. "जिकडे वळलं की वाजतं, तिकडे वळायचंच नाही! बाबा, हे तर कुणीही सांगेल."

"जिथे विश्वास नाही तिथे नाद लागत नाही!"

"नाद चांगला लागलाय की, सगळ्यांनी ऐकला. तो कशाचा ते तुम्ही सांगा, मिस्त्री सांगतील, आणि मग उघडून बघू."

"पाना लागला तर पोर कायमचं जाईल, म्हातारे!" बाबांनी आता मोर्चा सासूबाईंकडे वळवला.

सासूबाई लगबगीने उतरून चाकाच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. ताई त्यांच्याजवळ गेली.

"आई, माझाही नवरा होता तो. पण उद्या सकाळी आठ लेकरं या गाडीत बसणार आहेत. आत काय मोडलंय ते न बघता मी त्यांना कशी बसवू?"

सासूबाईंनी मिस्त्रीकडे बघितलं. "त्याला दुखेल का रे?"

"मावशी," मिस्त्री म्हणाला, "तो असता तर पहिल्याच आवाजाला मला चार शिव्या घालून गाडी उचलायला लावली असती त्याने. मुलं बसायच्या आधी रोज वाकून चाकं बघायचा. आठवतंय ना?"

सासूबाईंनी व्हॅनवरून एकदा हात फिरवला. मग बाजूला झाल्या. "लाव पाना."

व्हॅन वर उचलली, डावं चाक निघालं. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं होतं, आणि त्यामागचं रबराचं टोपण उभं फाटलेलं. अर्ध्या तासाने मिस्त्रीने एक जड, काळा सांधा बाहेर काढला.

"पुढच्या चाकांना दोन कामं असतात," त्याने गर्दीला सांगितलं. "फिरायचं आणि वळायचंही. म्हणून तिथे आपल्या गुडघ्यासारखा सांधा असतो. आत पोलादी गोळ्या, खोबणीत घरंगळणाऱ्या. टोपण फाटलं, ग्रीस गेलं, वाळू शिरली, खोबणीला खड्डे पडले. उजवीकडे वळलं की या डाव्या सांध्यावर जोर येतो आणि गोळी खड्ड्यातून उडते." त्याने तो हातातच वाकवून फिरवला. टक.

गर्दीतून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर हा भर चौकात निखळला असता. इंजिन ओरडत राहिलं असतं, व्हॅन जागची हलली नसती. मुलं आत, आणि समोरून ट्रक."

सासूबाईंनी हात पुढे केले. त्या ग्रीसने माखलेल्या लोखंडाला दोन्ही हातांनी फिरवलं. टक. पुन्हा फिरवलं. टक.

"हाच?"

"हाच, आई."

तिकडे चेला खुर्ची घडी करत होता. बाबांच्या ध्यानाची वेळ झाली होती म्हणे. रांगेतले काही जण अजून हलले नव्हते. "आमच्या गाडीचं प्रकरण वेगळं आहे," असं एक जण म्हणालासुद्धा, आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर रांग सोडून मिस्त्रीपाशी आला. "माझी बघता का? डावीकडे वळताना वाजते. रोज पेशंट असतो आत."

सासूबाई त्या रांगेकडे चालत गेल्या. हातातला सांधा सगळ्यांना दिसेल असा धरून.

"गाडी वाजली तर आधी खाली वाकून बघा," त्या म्हणाल्या. "कळलं नाही तर ज्याला कळतं त्याला विचारा. आणि उघडून बघू नका असं जो सांगेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. माझा मुलगा तापाने गेला. तो कशात अडकलेला नाही, कुणाला हाका मारत नाही. तुमची मुलं मात्र तुमच्या गाडीत बसलेली आहेत."