झाडामागे एक डबा

घरातले सगळे थोरल्याला ‘मापारी’ म्हणत आणि त्याला त्याचं भारी कौतुक. संत्र्याच्या बागेत खत पडायचं ते त्याच्याच पत्र्याच्या डब्याने, वरून हात फिरवून सपाट केलेलं. बागेचा वरचा तुकडा त्याच्याकडे, खालचा धाकट्या भावाकडे; झाडामागे डबा मात्र एकच. “आमच्यात दुजाभाव नाही,” हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा.

वरची झाडं फळांनी वाकायची. खालची आपली पिवळी पडून उभी. मग फळं निवडायच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर, मापाऱ्याच्या जिभेला धार चढायची. “खत तेच, पाणी तेच. मग उरलं काय? काहींच्या हातालाच यश नसतं.” बाया हसायच्या. धाकटाही हसायचा आणि मान खाली घालून बारकी फळं वेगळी काढायचा.

यंदा धाकटा म्हणाला, “दादा, उद्या खालची झाडं उपटतो. मी कुठेतरी नोकरी बघतो.”

मापाऱ्याने माती तपासणारीला बोलावलं, ते धाकट्याचा आळस एकदाचा सिद्ध व्हावा म्हणून. तिने दोन्ही तुकड्यांत गिरमिट फिरवलं. वर काळी, भुसभुशीत माती, गिरमिट जाईल तिथवर. खाली वीतभर माती, की लगेच पांढरी चुनखडी.

“इथे झाडाला लोह मिळतच नाही, म्हणून पानं पिवळी,” ती म्हणाली. “वर निम्म्या खतात भागलं असतं. इथे वेगळंच द्यायला हवं होतं, पानांवर फवारून. दोन्हीकडे एकच माप कोणी ठरवलं?”

डबा मापाऱ्याच्या हातातच होता. तो त्याने हळूच पाठीमागे नेला.

शेडमध्ये सगळे फळं निवडत होते. जिथे बोललो तिथेच सांगायचं, असं ठरवून तो आला होता. “झाडं उपटू नकोस,” तो म्हणाला. “तिथली माती वाईट आहे.”

म्हणजे आता दोष मातीच्या माथी. त्याची त्यालाच शरम वाटली.

“मातीचं नाही, माझं चुकलं,” तो कसाबसा म्हणाला. “तुझ्या हाताला काही झालेलं नाही. मी उगाच बोलत आलो, सगळ्यांदेखत.”

धाकट्याने आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

“पोरगी लहान होती तेव्हा अंगणात रोप लावायचा हट्ट धरायची,” तो म्हणाला. “मी कधी लावू दिलं नाही, दादा. म्हटलं, माझीच पोर, तिचाही हात तसाच असणार. रोप मरेल आणि ती रडत बसेल.”

पोरगी तिथेच होती, संत्री पुसत. आता चांगली मोठी झाली होती. तिने हातातलं फळ खाली ठेवलं आणि काकाकडे पाहिलं. मापाऱ्याला तिच्याकडे बघवेना.