सुवासिनींची बस

माठ उपटता उपटता आमचं जुंपलं, माझं आणि माझ्या सुनेचं.

कांदिवलीच्या पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी, रिक्षावाला जिथून पुढे यायला नाही म्हणतो, तिथून आमचा पाडा सुरू होतो. ओढ्याच्या काठाने आम्हा बायकांचे माठ-पालकाचे वाफे. माघाचे दिवस, दंवाने तांबडी माती भिजलेली, बोटं गारठलेली, आणि त्यात ही शीतल मला सांगते, रविवारी मी विरारला जीवदानी देवीच्या दर्शनाला जाणार.

"रविवारी मतदान आसा गो," मी म्हटलं.

"माहितीये ना आई. पण अनुपमावहिनींनी बस केलीये. सगळ्या चालल्यात. फुकट नेतायत, जेवण पण देतायत."

"फुकट? दशरथान आजवर कोणाक फुकट पाणी तरी पाजल्यान?"

दशरथ म्हणजे पाड्याच्या तोंडाशी ज्याचं देशी दारूचं दुकान आहे तो, आणि अनुपमा त्याची बायको. गिरणी बंद पडल्यावर आमच्या ह्यांनी दुसरी पाळी त्या दुकानात धरली, ती मरेपर्यंत सोडली नाही. आता माझा मुलगा विशाल संध्याकाळी तिथूनच घरी येतो. परवा शीतलच्या दंडावर निळा वळ दिसला. दार लागलं म्हणाली. ते दार मला माहीत आहे, माझ्याही दंडाला पुष्कळदा लागलेलं.

दुकान उठवायचा ध्यास सुंदराबाईने घेतला होता. ती जालन्याकडची, पाड्यातल्या बौद्ध घरांपैकी एक. तिचाही नवरा त्याच दुकानाने खाल्ला. बाई बोलायला लागली की नळावरची भांडणं थांबतात. घरोघर फिरून तिने बायकांच्या सह्या गोळा केल्या, साहेबांच्या खुर्च्यांसमोर उभं राहून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे सरकारने मतदान लावलं. नियम साधा. फक्त बायकांनी मत द्यायचं. दुकान नको असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का, हवं असेल तर उभ्या. पण यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांचा शिक्का आडव्या बाटलीवर पडला पाहिजे. म्हणजे जी बाई आलीच नाही, ती दशरथच्याच बाजूची धरायची!

मग त्याला प्रचार करायची गरज काय? बायका गावाबाहेर नेल्या की झालं. संक्रांतीनंतर अनुपमाने थाटात हळदीकुंकू केलं. एकेका सुवासिनीची ओटी भरली, स्टीलचा डबा वाण म्हणून दिला आणि देवीच्या फोटोसमोर रविवारच्या दर्शनाचा शब्द घेतला. भरलेली ओटी घेऊन बाई शब्द मोडत नाही, हे त्या नवराबायकोला पक्कं ठाऊक. बौद्ध बायका असल्या कार्यक्रमाला जात नाहीत. आणि आम्हा विधवांना तर कुणी बोलावतच नाही.

"तुझ्या कपाळाचा कुंकू पुसूक बसलोहा, तोच तुका कुंकू लावता गो!" मी ओरडले.

शीतलचे डोळे भरून आले. "त्याच्यासाठीच चाललेय ना मी! त्याची सुटू दे म्हणून नवस बोललेय. आता नाही गेले आणि त्याला काही झालं, तर तुम्हीच बोलाल मला."

माठाचा भारा डोक्यावर घेऊन ती तरातरा निघून गेली.

रविवारी सकाळी शाळेत मतदान सुरू झालं. शाळेसमोरच पिंपळाखाली दोन बसगाड्या उभ्या, शेजारी दशरथ. हिरव्या साड्या, गजरे, आरत्या, नुसती धमाल चाललेली. इकडे शाळेच्या रांगेत आम्ही विधवा, बौद्ध घरांतल्या बायका आणि नवऱ्याला न घाबरणाऱ्या थोड्या सुवासिनी. सुंदराबाईने रांगेवरून नजर फिरवली आणि तिचं तोंड उतरलं.

"सुगंधे, न्हाई पुरायच्या आपण."

"पोलिसाक सांग ना."

"सांगितलं. तो म्हणू लागला, देवदर्शनाला कोण अडवणार? बसमधी जाऊन हातापाया पडले, तर बाया खिडकीकडं तोंड करू लागल्या. लाज वाटू लागली त्यांना, पण उतरंना एक बी."

खिडकीत मला शीतल दिसली. तिनेही तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आज दुकान वाचलं तर पुन्हा मतदान व्हायला वर्षं जाणार, आणि तेवढी वर्षं विशालचं लिव्हर थांबणार नाही. त्याच्या बापाचंही थांबलं नव्हतं.

बस सुटायची घाई सुरू झाली. नारळ फुटला. सवयीने मी रस्त्यावरून दोन पावलं मागे झाले. शुभ कामाला कुणी निघालं की विधवेने समोर यायचं नाही, हे अंगात इतकं मुरलंय. विशालच्या लग्नाचं वऱ्हाड निघालं तेव्हा मी, त्याची आई, स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होते. कुणी सांगितलं नव्हतं. आपली आपणच गेले होते. आज मात्र त्या मागे घेतलेल्या पावलांचा मला असा संताप आला की काय सांगू!

"सुंदरे," मी म्हटलं, "आपण आडव्या जावया."

"कुणाला?"

"बसगाडीक!"

ती बघत राहिली. "अगं, आमच्यात असलं मानत न्हाईत."

"तू मानू नको गो. ती मानतत ना!"

सुंदराबाई मोठ्याने हसली आणि तिने साडीचा पदर खोचला. रांगेतल्या सगळ्या विधवांना हाक मारली. मी पुढे, माझ्यामागे रतन, तिच्यामागे मासळी विकणारी शकु, जिचा नवरा गेल्या गणपतीत गेला, अजून तिशीचीही नाही पोर. मग बाकीच्या. एकीमागे एक, रमतगमत, बसच्या तोंडासमोरून आम्ही रस्ता ओलांडायला लागलो.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. "ओ मावशी, साईडला घ्या ना!"

"रस्तो ओलांडतंय रे मेल्या. बापाशीचो आसा तुझ्या?"

त्याने काचेतून नीट बघितलं. काचेला त्याने स्वतःच लिंबू-मिरची टांगली होती. समोरून एक मोकळं कपाळ गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, संपेचनात. पलीकडे पोचल्यावर आम्ही वळलो आणि परत अलीकडे निघालो. बसमधली आरती मध्येच तुटली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि कानाला हात लावून दशरथला म्हणाला, "शेठ, आपल्याच्याने नाही होणार. घरी लहान पोरं आहेत माझी."

पहिली म्हातारी उतरली ती पुटपुटतच. "आज आईची इच्छा नाय." मग दुसरी उतरली, तिसरी उतरली. मागची बस आपोआपच रिकामी झाली. अनुपमा दारात उभी राहून किंचाळत होती, "पांढऱ्या पायाच्या मेल्या! देवीच्या वाटेत येतात! तळतळाट लागेल!"

"लागून झाला गो बाय," शकु शांतपणे म्हणाली, "आता आणखी खय लागतलो?"

शीतल तणतणत माझ्यासमोर आली. "आई, तुम्ही पण? माझा नवस होता ना!"

"बघ माझ्याकडे," मी म्हटलं. "मीय नवस बोललेलंय. गावचे देव केले, हयचे केले, उपास केले. शेवटाक काय झाला ता माझ्या कपाळावर बघ. देवी दुकानाक कुलूप लावूक येवची नाय. तिना दिलेलो हात आसा ना तुका? त्या हातान शिक्को मार."

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. बसमधून उतरलेल्या काही जणी घरी गेल्या, काही पिंपळाखाली दशरथच्या डोळ्यांदेखत घुटमळल्या. शीतलने हातातला पूजेचा डबा माझ्याकडे दिला आणि सरळ जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली, हिरव्या साडीत. तिला बघून शेजारची प्रियंका गेली. मग बऱ्याच गेल्या.

संध्याकाळी साहेबाने निकाल वाचला. आडवी बाटली जिंकली, निम्म्याच्या जेमतेम वर, पण वर. आम्ही ओरडलो, नाचलो, सुंदराबाईने मला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी पडलो.

दशरथ पटांगणात उभा होता. तोंड काळंठिक्कर. "वाट लावली यार," तो माणसांना सांगत होता, "सुवासिनी सगळ्या माझ्या बाजूच्या होत्या. या रांडमुंड बायांनी घात केला."

सुंदराबाई उठली, गुडघ्याची माती झटकली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आम्हाला रांडमुंड केलं कुणी रे? तुझ्याच दुकानानं ना? वर्षानुवर्षं करू लागलास, तव्हा आपण किती बाया विधवा करून ठेवल्यात ते मोजायचं कळलं न्हाई व्हय?"



आठवड्याने दुकानाला सील लागलं. विशाल दोन दिवस घरात बसला, तिसऱ्या दिवशी चप्पल घालून निघाला. हायवेच्या पलीकडे दुसरं दुकान आहे, हे आम्हाला काय माहीत नव्हतं? शीतल रडली नाही. तिने पदर खोचला आणि मला विचारलं, "आई, त्या बाजूला पण बायका राहत असतील ना?"

"ऱ्हवतत तर," मी म्हटलं.

"मग सुंदरामावशींना हाक मारा."