गालातला खेकडा

चाकणच्या पत्र्याच्या शेडबाहेर एवढी गर्दी, की शिफ्ट सुटलेली माणसं हेल्मेट न काढताच रांगेत उभी होती. आत खेकडेबाबा कॅन्सर काढत होते. औषध नाही, ऑपरेशन नाही. ओला टॉवेल टाकायचा, मंत्र पुटपुटायचा, की पेशंटच्या अंगातून जिवंत खेकडा बाहेर!

गोजाबाईंच्या गालातली जखम भरत नव्हती. उद्या दवाखान्यात तिचा तुकडा तपासायला काढायचा होता. "आज खेकडा निघाला, की उद्या मी काय येत न्हाई," त्यांनी घरात जाहीर केलं. म्हणून दातांची डॉक्टर असलेली भाची सायली सोबत आली होती. समजावून तिचा घसा बसला होता.

"कर्क म्हणजे काय?" बाबा गरजले.

"खेकडा!"

"मग कर्करोगात काय असणार?"

"खेकडाच!"

या हिशेबानं नागीण झालेल्याच्या कमरेतून साप निघायला हवा, सायलीच्या मनात आलं.

टॉवेल पडला. गोजाबाईंच्या तोंडात मावणारच नाही एवढा खेकडा त्यांच्या गालातून निघाला. टाळ्या!

"माई, आता हा अंगारा हिरड्यांना चोळायचा." बाबांनी पुडी दिली.

सायलीनं खेकडा उचलून बघितला. गारठलेला.

"आत्या, तुझ्या गालात फ्रीज आहे का गं?"

"न्हाई बया."

"मग ह्याच्या नांग्यांना सुतळी कुणी बांधली?"

"बाजारात बांधूनच देतात की!" मागून कुणीतरी म्हणालं.

सायलीनं टॉवेल झटकला. आत शिवलेल्या खिशातून बर्फाची पिशवी पडली, पाठोपाठ दुसरा खेकडा. "हा पुढच्या पेशंटचा आजार. बर्फात गप्प पडतो, ऊब लागली की वळवळतो."

त्याची सुतळी सुटली होती. ऊब मिळताच त्यानं, त्याला लपवायला धावलेल्या बाबांचा अंगठा धरला.

"डॉक्टर! अहो डॉक्टर!" बाबा नाचू लागले.

अंगठा सोडवून सायलीनं पुडी हुंगली. "ही तर मिश्री! भाजलेली तंबाखू! इकडून खेकडा काढतो, तिकडून पेरतो. ऐका. गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा जुन्या ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या वाटल्या. त्यांच्या भाषेत खेकडा म्हणजे कार्किनोस. म्हणून कॅन्सर जन्माला घालणाऱ्या पदार्थाला म्हणतात कार्सिनोजेन, आपल्याकडं कर्करोगजनक. आजारात खेकडा नसतो, नुसतं नाव त्याचं. ही मिश्री मात्र खरोखरची कर्करोगजनक."

गोजाबाईंचा हात गालाकडं गेला. लग्न झाल्यापासून त्या तीच लावत होत्या.

"तुकडा काढताना दुखंल का गं?"

"भूल देतात. लवकर कळलं तर इलाज सोपा."

"मग सकाळी लवकर उठव मला."

तोवर सगळी रांग सायलीकडं वळून तोंड वासून उभी राहिली होती. "डॉक्टर, माझंबी बघा!"

"बघते. पण मी म्हणते म्हणून काही मानू नका," सायली म्हणाली. "दवाखान्यात जाऊन नीट तपासून घ्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्यालाही तपासा."