सुवर्ण दर्जाची पाटी

तुम्ही खोटं बोललात, आणि तेही माझ्या तोंडून.

मी या कार्यालयाच्या दारातली काचेची पाटी बोलतेय. ‘हरित इमारत, सुवर्ण दर्जा’ असं माझ्यावर कोरलंय. तीन वर्षं येणारे-जाणारे माझ्यात बघून केस सारखे करतात. मजकूर कुणी वाचत नाही.

मी बाजारात मिळत नाही. आधी इमारतीची नोंदणी करायची. मग वीज, पाणी, बांधकामाचं सामान, आतली हवा अशा एकेका विषयात गुण मिळवायचे. काही अटी सक्तीच्या. त्यातली एक चुकली की सगळं मुसळ केरात. प्रत्येक गुणाला पुरावा हवा: नकाशे, बिलं, मोजमापं. बाहेरचे परीक्षक ते तपासतात आणि बेरजेवरून दर्जा ठरतो. इथली अभियंता, जिला सगळे ताई म्हणतात, तिने वर्षभर फायली वाहिल्या, तेव्हा कुठे मी भिंतीवर चढले.

माझे सर्वाधिक गुण पाण्याचे. हात धुतलेलं पाणी गाळून बागेला देऊ, असं लिहून दिलं होतं. दुसऱ्याच महिन्यात त्याला वास आला. गाळणी धुवायची सोडून व्यवस्थापकांनी व्हॉल्व्ह फिरवला. तेव्हापासून बाग पिण्याचं पाणी पितेय, आणि तुम्ही कार्यालयातले सगळे माझ्यापाशी उभे राहून पाहुण्यांना सांगता, “आमच्याकडे थेंब वाया जात नाही.” काचेला लाजेनं लाल होता येत नाही, एवढंच.

आता माझी तीन वर्षांची मुदत संपली. फेरतपासणीला बेत चालत नाहीत, वर्षभराचे मीटरचे आकडे लागतात.

“जुन्या नकाशातलेच आकडे टाक,” व्यवस्थापक इथेच, दारात ताईला म्हणाले. सफाईच्या मावशी लादी पुसत होत्या. “बागेत येऊन कोण बघतंय?”

“मीटर बघतोय, साहेब.”

“मोठी हरिश्चंद्राची नात. पाटी गेली तर तुझ्या नावावर जाईल.”

“जाऊ दे. गाळणी धुवायला पंधरा मिनिटं लागतात. तीन वर्षांत कुणाला मिळाली नाहीत.”

तिने खरे आकडे पाठवले. पाण्याचे गुण गेले, सुवर्ण दर्जा गेला. आज तीच माझे स्क्रू काढतेय. मला खुशाल उतरवा. पण पुन्हा लावाल, तर आधी तो व्हॉल्व्ह फिरवा.

मावशी फडकं घेऊन आल्या. भिंतीतल्या चार भोकांकडे बघत म्हणाल्या, “ताई, ही भोकं बुजवायला सांगू, की ती गाळणी कुठंय ते दाखवतेस मला?”