तासलेल्या जोडीची तगमग

मी एक जुनी जोडी आहे. जोडी म्हणजे तालमीत फिरवतात ते दोन लाकडी मुद्गल. मित्रांनो, आधीच सांगते, स्वस्थ उभं राहणं मला जमत नाही. कुणाचा हात लागला नाही की जीव कासावीस होतो. तेव्हा भराभर सांगते, ऐका.

राणीच्या राज्यात कल्याणच्या भिवा कातारीनं शिसवीच्या लाकडातून मला घडवलं. मी इतकी जड होते की भलेभले मला खांद्यापर्यंत नेताना घामाघूम होत. एका नागपंचमीला तालमीच्या चढाओढीत सहदेव नावाच्या गड्यानं मला सर्वांत जास्त वेळ फिरवलं आणि बक्षीस म्हणून मी त्याच्या घरी आले. काय तोरा होता माझा!

पुढे सहदेव पुण्याला कॉलेजात गेला. तिथे कसरतीचा वर्ग होता. कोणता स्नायू कशानं वाढतो, दुबळ्या शरीरात बळ कसं आणायचं, हे तो शिकू लागला. मी मात्र माजघरात भिंतीला टेकून धूळ खात पडले.

त्याच माजघरात त्याची बायको गोदा खाटेवर पडून असे. लेकीच्या, शालूच्या जन्मानंतर तिला ताप आला होता. ताप गेला, पण हातापायांतली शक्ती काही परत येईना. पोटची पोर तिला उचलता येत नव्हती. तिची सासू हौसाबाई मायाळू होती, पण अशक्त बाईनं हलायचंच नाही, असं तिचं ठाम मत. शेवटी ठरलं, दिवाळी झाली की शालूला शहाडला, सहदेवच्या बहिणीकडे, कलावतीकडे ठेवायचं. गोदा भिंतीकडे तोंड करून खूप रडली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहदेव घरी आला. हे ऐकून तो मला उचलून थेट भिवाकडे गेला आणि म्हणाला, हिला तासून हलकी कर. भिवाला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. पण सहदेव हटला नाही. माझ्या सालपटांचा ढीग पडला. असा संताप आला म्हणून सांगू! नागपंचमीची जोडी मी, आणि आता लाटण्याची थोरली बहीण दिसत होते. तालमीचे वस्ताद उत्तम, त्यांनी तर बक्षिसाची जोडी बिघडवली म्हणून सहदेवशी बोलणंच टाकलं.

त्यानं मला गोदाच्या हातात दिलं.

"अहो, नाही उचलवत मला."

"उचलू नकोस. आज नुसती धरून बस. उद्या जरा हलव."

धरून बस! माझी काय तगमग झाली असेल? किती दिवस ती मला नुसती मांडीवर घेऊन बसली. मग मला कमरेपर्यंत उचलू लागली. सहदेव पुण्याला परतल्यावरही तिनं सोडलं नाही. हौसाबाई कुरकुरे, गोदा दार लोटून घेई. कधी मी तिच्या हातून सुटून फरशीवर आपटे. ती दम खाऊन पुन्हा मला धरायची. हळूहळू मलाच सकाळ कधी होते असं होऊ लागलं.

दिवाळी झाली. कलावती बैलगाडी घेऊन दारात आली. शालूचं गाठोडं बांधून तयार होतं. गोदा मला खांद्यावरून फिरवत होती. शालू रडू लागली तशी कलावती तिला घ्यायला वाकली.

गोदानं मला खाली टाकलं.

"राहू द्या, वन्सं. मी घेते."

तिनं पोरीला उचललं आणि छातीशी धरून उभी राहिली. हौसाबाईनं गाठोडं सोडायला घेतलं.

मित्रांनो, मी गडगडत खाटेखाली गेले होते. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. आता मी पुन्हा कोपऱ्यात आहे आणि पुन्हा तळमळते आहे. मला तेल लावून जपलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्याला माझ्यासारखं कोपऱ्यात टाकू नका. झेपेल एवढं काहीतरी त्याच्या हातात द्या, आणि शेजारी बसा.